घसा कसा आहे, मिल्या?

आधी पिकणारं हळवं भात कापून झालं, मागाहूनच्या गरव्याचे भारे खळ्यावर आले आणि शेतातून चालताना पायाखाली धसकटं कुरकुरायला लागली, की एक दिवस माझा फोन वाजतो. पलीकडून लहू विचारतो, "घसा कसा आहे, मिल्या?" बायको कशी आहे नाही, पोरं काय करतात नाही, गुडघे धरतायत का नाही. फक्त घसा. शालन, म्हणजे आमची बायको, दर वर्षी शेजारी उभी राहून हे ऐकते आणि म्हणते, "माझ्या बापानं जावयाची एवढी चौकशी केली नाय." यंदाही फोन आला. यंदाही मी म्हणालो, "बरा आहे. कधी निघायचं ते बोल."

फोन ठेवला आणि ओटीवर बसून राहिलो. समोरच्या खळ्यावर झोडपणी चालली होती. पेंढा उडत होता, तूस नाकात जात होतं, नव्या भाताचा तो ओलसर गोड वास सगळ्या आळीत भरला होता. त्या वासानं मला दर वर्षी एकच सीझन आठवतो. खेळलो मी पुष्कळ वर्षं, पण बाकीचे सीझन एकमेकांत मिसळून गेले. हा तेवढा वेगळा राहिला. कारण त्या सीझनभर मी बॉलपेक्षा जास्त लहूवर नजर ठेवून होतो.

मी मूळचाच संशयी माणूस. दुधात पाणी आहे का हे बघायच्या आधी दूधवाल्याच्या तोंडाकडं बघतो. कोणी जास्त गोड बोललं की खिसा चाचपतो. नोकरीसुद्धा कारखान्याच्या गेटवर, लोकांच्या पिशव्या तपासायची. म्हणजे पगारच संशयाचा. आणि खेळात मी गोलकीपर. बाकीचे दहा जण पुढं बघत पळत असतात, हा एकटा मागं उभा राहून सगळ्यांच्या पाठी बघतो. कोण खरा दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, कोणाचं लक्ष बॉलकडं नसून बांधावरच्या पोरींकडं आहे, सगळं त्याला दिसतं. शालन म्हणते, "तुमी जन्माला आलात तवा सुईणीकडं पण संशयानंच बघितलं असंल." असेल. सुईणीचा तरी काय भरवसा!

आमच्या आटगावच्या बाजूला फुटबॉलचा सीझन कोणी कमिटी बसवून ठरवलेला नाही. तो भातानं ठरवलाय. कापणी झाली की शेत मोकळं आणि शेत मोकळं की ग्राउंड. लागून असलेली दोन खाचरं घ्यायची, मधला बांध पाडायचा, धसकटं कुदळीनं खणून काढायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपून वर बैल फिरवायचे. पावसाआधी तोच बांध पुन्हा घालून द्यायचा, हा शेतमालकाला दिलेला शब्द. पण बांध पाडला म्हणून जागा सपाट होत नाही. एक खाचर वर, दुसरं खाली, मध्ये उतार. बॉल खालच्या खाचरात गेला की वरच्या गोलकीपरला तो अर्धाच दिसतो, आणि धुरळा उडाला की तेवढाही नाही. बांबूचे खांब, कोळ्याकडून मागून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं, आणि कडेनं फक्कीच्या पांढऱ्या रेघा. बांधावर म्हाताऱ्या बायका पायली-अधेली भात पाखडत मॅच बघणार आणि आपला गडी पडला की समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरणार.

सीझन संपतो तोही तारीख बघून नाही. डोळखांबच्या वरच्या पाड्यांवरची माणसं वीटभट्टीवर निघाली, की संपला. आमच्या टीमची निम्मी पोरं त्या पाड्यांवरची, निम्मी आमच्या बुद्धवाडीतली. भट्टीचा ट्रक पाड्याखाली येऊन उभा राहिला की आमचा डावा बॅक बोचकं घेऊन त्यात चढायचा, मग फायनल राहिली असो नाहीतर आणि काही. म्हणून अख्खी टूर्नामेंट त्या मधल्या दिवसांत कोंबायची. अंगावर कापणीचे ओरखडे तसेच, त्यावर घाम, त्यावर माती. आंघोळीला बसलं की सगळं एकदम झोंबायचं. आजही अंगाला साबण लावताना कधी कधी ती झोंब आठवते आणि बरं वाटतं.

लहू त्या वरच्याच एका पाड्याचा. आमचा पुढचा गडी, गोल मारणारा. काय पळायचा! अनवाणी यायचा, बूट दिले तर काढून ठेवायचा. वर्षानुवर्षं मी त्याची पाठ बघितली. डावीकडं झुकला की उजवीकडून निघणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळायचं, आणि तरी समोरच्या बॅकला कधी कळलं नाही. मग मुंबईच्या एका कंपनीच्या टीमनं त्याला उचललं. खेळायचं, बाकीचा वेळ कंपनीत काम करायचं. पाड्यावरचा पहिलाच पोरगा असा गेला. आम्ही हार घातला, गुलाल उडवला. तीन-चार वर्षांनी तो एका सकाळी एसटीतून उतरला तो बोचक्यासकट. "गुडघा गेला," म्हणाला. सगळे हळहळले. मी गुडघ्याकडं बघितलं.

गुडघा गेलेला माणूस एकाच पायानं लंगडतो. हा कधी उजव्यानं लंगडायचा, कधी डाव्यानं. बांधावरून उतरताना आधी एक पाय पुढं सोडून जमीन चाचपायचा, मग दुसरा टाकायचा. मी एकनाथला म्हणालो, पाणी कुठंतरी मुरतंय. एकनाथ म्हणजे तोच आमचा डावा बॅक, लहूच्या पाड्याचा, लहूला मोठ्या भावासारखा मानणारा. तो म्हणाला, "तू कोणाला सोडलंयस का मिलिंददादा? जरा गप रहा."

त्याच वर्षी आमच्या टीमचे जुने मॅनेजर मास्तर बदली होऊन गेले आणि टीम लहूच्या हाती आली. आली म्हणजे, त्यानं मागून घेतली. समाजमंदिराच्या पायरीवर आम्ही सगळे बसलो होतो, आणि कधी तोंड न उघडणारा लहू उभा राहून म्हणाला, "टीम मला द्या. मला दुसरं काय येत नाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. पण घरी येऊन शालनला म्हटलं, एवढा मागतोय म्हणजे ह्याचा काहीतरी डाव आहे.

आणि डाव दिसायलाच लागले की! पहिलं म्हणजे त्यानं टीमचे शर्ट बदलले. आमचा शर्ट मेंदीच्या रंगाचा, बापजाद्यांपासूनचा. लहूनं आणले पिवळे. पिवळे म्हणजे नवरदेवाला हळद लावल्यावर दिसतो तसले. मला वाटलं, शहापूरच्या कोणा दुकानदाराशी साटंलोटं आहे. दुसरं, मॅच कायम संध्याकाळी व्हायच्या, ऊन उतरल्यावर. ह्यानं त्या भर दुपारी ठेवल्या. पोरं करपली. तिसरं, फक्कीच्या रेघा. आधी बोटभर असायच्या, ह्यानं हातभर रुंद करायला लावल्या; लग्नाचा मांडव घातलाय की ग्राउंड आखलंय तेच कळेना. आणि चौथं म्हणजे कहरच. नियम केला: ज्याला पास द्यायचा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव न घेता पास दिला की बाहेर. "एकनाथ!" "संतोष!" "एकनाथ, परत!" असा ग्राउंडवर नुसता कोलाहल. माहुली गडाच्या पायथ्याला कोंबड्यांचा बाजार भरलाय असं वाटायचं. बांधावरच्या म्हाताऱ्या हसून हसून लोळायच्या.

गंमत म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. नाव घेऊन पास दिला की चुकत नाही, हे कोणाच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. लोक म्हणायला लागले, लहू कंपनीत राहून तंत्र शिकून आला. मी म्हटलं, शिकला असेल. पण तंत्र शिकलेला माणूस मैदानाच्या मधल्या रेघेवर उभा राहतो, जिथून सगळं दिसतं. हा माझ्या गोलाच्या मागं का उभा राहतो?

हे मला सगळ्यात जास्त खटकायचं. पहिल्या मॅचपासून शेवटपर्यंत लहू माझ्या जाळीमागं. मी गोलकीपर, मला ओरडायची सवय. "एकनाथ, डावा सोडू नको! संतोष, मागं ये! दोघं आलेत रे, दोघं!" मी ओरडलो की मागून लहू लगेच पुढचं ओरडायचा, कोणाला वर जायला सांगायचा, कोणाला थांबवायचा. आणि मध्येच हळूच मला विचारायचा, "कोणी मारला रे?" समोर घडलेलं, ढळढळीत! मी मनात म्हणायचो, बेटा माझी परीक्षा घेतोय. मला काढायला कारण शोधतोय. माझं वय झालंय असं ह्याला सिद्ध करायचंय. एकदा तर एकनाथशी बोलताना मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "चाललंय आपलं, आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय." लहू पाठमोरा होता. तो थांबला. मग पायानं जमीन चाचपत बांध उतरून गेला. मी एकनाथला कोपर मारलं, बघ, बरोबर लागलं ना?

मग मुरबाडचं प्रकरण आलं. त्या बाजूची मुरबाडची टीम म्हणजे आमची जुनी वैरी. वैरी कसले, निम्मे एकमेकांचे सोयरे. इकडची पोरगी तिकडं दिलेली, तिकडची इकडं. पण फुटबॉलपुरती सोयरीक बाजूला. आणि कुजबुज कानावर आली की लहू दर बाजाराच्या दिवशी किन्हवलीवरून मुरबाडच्या एसटीत चढतो. बाजार शहापूरला भरत नाही का? मी एकदा एका लग्नाचं निमित्त काढून मुरबाडला गेलो आणि स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मला तो दिसला. एकटा नाही. मुरबाडच्या टीमचा मॅनेजर, शाळेत मास्तर असलेला तो उंच माणूस, त्याच्याबरोबर. मास्तरनं चहाचा कप लहूच्या अगदी हातात नेऊन दिला, लाडक्या जावयाला द्यावा तसा. मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून हात वर केला. लहूनं सरळ माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यात डोळे घालून. आणि मान फिरवून चहा प्यायला लागला.

आता सांगा. पंधरा वर्षं ज्याची पाठ मी राखली, तो मला भर रस्त्यात ओळख देत नाही, आणि वैऱ्याच्या हातचा चहा पितो. लग्नाचं जेवणसुद्धा मला गेलं नाही. घरी आल्यावर शालनला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सुतावरून स्वर्ग गाठायला तुमाला कोण शिकवील! दिसला नसाल तुमी त्याला." मी म्हटलं, "एवढा धिप्पाड माणूस दिसत नाय?" ती म्हणाली, "मला तरी कुठं दिसता, सारखे गेटवर नायतर गोलात." बायकोच्या अंगी थट्टा आहे, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहाची ती गोष्ट मी आळीत दारोदार सांगत सुटलो.

आणि झालं तसंच. फायनल आमची आणि मुरबाडची. पाड्याखाली ट्रक यायचे दिवस जवळ आले होते. एकनाथ रोज म्हणायचा, "फायनल जिंकून ट्रकमदी चढायचं. मग सा महिने विटा थापताना बोलायला कायतरी पायजे ना." आणि नेमकी तेव्हाच, घरच्या झोडपणीचं तूस खाऊन आणि सेमीफायनलला बोंबलून, माझा घसा बसला. तोंडातून आवाज म्हणून फुटेना. आता तुम्हीच सांगा, गोलकीपरला हात लागतात. घसा कशाला लागतो? बसला तर बसला.

पण लहूचं तोंड पांढरंफटक पडलं. सकाळी उठून दार उघडतो तर हा ओटीवर. हातात अडुळशाचा पाला, ज्येष्ठमधाची काडी, रानातल्या पोळ्याचा मध. "गरम पाणी घेतलंस? मीठ टाकून? बोलून बघ बरं." दुपारी परत. संध्याकाळी परत, काढा घेऊन. शालन म्हणाली, "बाळंतिणीचं पण एवढं कोणी करत नाय गो बाई." मला मात्र घाम फुटला. पायाची चौकशी केली असती, समजलो असतो. हाताची केली असती, समजलो असतो. हा माझ्या घशाच्या मागं का लागलाय? मुरबाडवाल्यांनी काय देऊन पाठवलंय ह्याच्याकडं? मी काढा तोंडाला लावायचो आणि तो वळला की जास्वंदीच्या मुळाशी ओतायचो. जास्वंदीला काही झालं नाही. उलट बहरली मेली.

फायनलच्या दिवशी दोन्ही बाजूंनी बांध माणसांनी भरलेला. मुरबाडचे टेम्पो भरभरून आले होते. मी सकाळी लवकर जाऊन गोलाच्या तोंडाशी माती उकरून बघितली, कोणी लिंबू-बिंबू पुरलंय का. पटत नाही मला ते, पण पुरणाऱ्याला पटत असतं ना. काही सापडलं नाही.

मॅच सुरू झाली आणि सगळं उलटंच व्हायला लागलं. बॉल उजवीकडं, लहू मागून ओरडतोय, "एकनाथ, डावीकडं दाब!" त्यांचा गडी एकटा घुसतोय, हा ओरडतोय, "सगळे वर जा!" आमची पोरं गोंधळली. गोल बसला. बांधावरून मुरबाडवाले नाचायला लागले, आमचे शिव्या द्यायला लागले. मी जाळीतून बॉल काढताना मागं वळून लहूकडं बघितलं. तो विचारत होता, अगदी हळू, "झाला का?" माझ्या डोळ्यांपुढं लालभडक झालं. विकली ह्यानं मॅच. सीझनभर मी बोंबलतोय, कोणी ऐकत नाही, आता बघा म्हणावं.

हाफटाइमला तो गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला. मी ठरवलं होतं, आवाज नाही तर नाही, गचांडी धरूनच विचारायचं. मी ग्लास पुढं केला. त्यानं पाणी ओतलं. सगळं पाणी माझ्या मनगटावर. ग्लास कोरडा. मी हात झटकून वर बघितलं तर लहू माझ्याकडं बघत होता, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघत होता. आणि हसत होता, ग्लास भरलाय असं समजून. म्हणाला, "पी. थोडा तरी आवाज निघतो का बघ, मिल्या. कुजबुजलास तरी चालंल."

माझा हात त्याच्या कॉलरपाशी गेला होता तो तिथंच राहिला. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "लहू, मी काय घातलंय आज?" त्यानं चाचपून थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मला दिसत नाय रे. कंपनीत असतानाच चाललं होतं. आधी रातचं दिसंना, मग कडंचं दिसंना. आता उन्हात पिवळं तेवढं हलताना कळतं. मुरबाडला बाजारच्या दिवशी डोळ्यांचा डॉक्टर येतो, तो पण म्हणतो आता काय उपाय नाय. शहापूरला दाखवलं असतं तर सांजपर्यंत तुला कळलं असतं." मी म्हटलं, "मग टीम कशाला मागितलीस?" तो म्हणाला, "दुसरं काय करू? पळायचं गेलं, भट्टीवर कोण घेणार आंधळ्याला? आन मला वाटलं, मिल्या गोलात आहे. तू वरडतोस ना, तवा मला मॅच दिसते."

तवा मला मॅच दिसते. ज्या माणसावर मी सीझनभर विश्वास ठेवला नाही, तो सीझनभर माझ्या तोंडच्या शब्दावर मॅच बघत होता. मी डावा म्हटलं की त्याला डावा दिसायचा. माझ्याकडून एक शब्द चुकला असता तरी त्याला पडताळायला दुसरं काही नव्हतं. मला त्याचा राग आला, की साल्या मला नाही सांगितलंस. आणि रडूही आलं. शिट्टी वाजली म्हणून दोन्ही राहून गेलं.

"सांगू नको कोणाला," तो म्हणाला. "टीम काढून घेतील."

दुसऱ्या हाफमध्ये तो जाळीमागं उकिडवा बसला, खांबाला चिकटून, आणि मी कुजबुजलो. बॉल कुठं, कोण मोकळा, कोण दमला. मी कुजबुजायचो आणि तो ओरडायचा. जुना पुढचा गडीच तो, अर्ध्या शब्दावर त्याला पुढच्या तीन चाली दिसायच्या. एकनाथ वर गेला, संतोषनं त्याचं नाव घेऊन बॉल सोडला आणि बरोबरी झाली. मग अगदी शेवटी आमच्या हातून चूक झाली आणि मुरबाडला पेनल्टी मिळाली. त्यांचा गडी बॉल ठेवत होता. मागून लहूनं विचारलं, "ठेवल्यावर पयलं कुठं बघितलं त्यानं?" मी म्हटलं, माझ्या उजव्या खांबाकडं. तो म्हणाला, "म्हंजी डावीकडं मारणार. मी असंच करायचो. उडी टाक." जन्मात कोणाच्या शब्दावर न गेलेला मी, एका न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर डावीकडं झेपावलो. बॉल उजवीकडून आत गेला.

हरलो. त्या पेनल्टीवरून आमचं अजून भांडण आहे. तो म्हणतो मी बघितलंच चुकीचं, मी म्हणतो त्यानं वाचलं चुकीचं. पण त्या दिवशी बांधावरून काय दिसलं ते ऐका. मॅनेजर जाळीमागं लपून बसलाय, गोलकीपर त्याच्याशी कुजबुजतोय, आणि पेनल्टीला गोलकीपर बरोबर उलटी उडी मारतोय. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: मिलिंद आणि लहूनं मॅच मुरबाडला विकली. लहूला तर मुरबाडात चहा पिताना बघितलंच होतं. कोणी बघितलं होतं? मीच. कोणी सांगितलं होतं? मीच, दारोदार. पेरावं तसं उगवतं म्हणतात, तसं माझंच माझ्या अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी पाड्याखाली ट्रक लागला. मी एकनाथला भेटायला गेलो. तो बोचक्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "आमी जिंकून जायचं म्हणालो होतो, दादा." एका वाक्यात मी सुटलो असतो. लहूला दिसत नाय. बस, एवढंच. जिभेच्या टोकावर आलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची गुपितं वास घेऊन हुडकली आणि गावाला वाटली, त्याच्या हातात गावातलं सगळ्यात मोठं गुपित होतं आणि त्याला ते सांगता येईना. ट्रक गेला. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो. घसा अजून दुखत होता.

नंतर मी खेळणं सोडलं, पण गोलामागची जागा सोडली नाही. दर वर्षी लहूच्या शेजारी उभा राहतो आणि त्याला सांगतो. टीम काढून घ्यायची भाषा पुढच्या वर्षी कोणी काढली नाही, ह्याचं मला नवलच वाटलं; आणि लहूची टीम पुष्कळ वर्षं जिंकली. नाव घेऊन पास द्यायची रीत शिकायला कसाऱ्यापासून लोक आले. लहूचा लहूसर झाला, आश्रमशाळेच्या पोरींची टीमही तोच बघतो. कोणी विचारलं हे तंत्र कोणाचं, तर म्हणतो, "मिल्याचं." लोकांना तो विनय वाटतो. आणि मी? मी डोळ्यात तेल घालून पहारा केला. कोणी हात मिळवायला आला की लहूचा हात मीच पुढं करायचो. कोणी त्याच्या डोळ्यांकडं जास्त वेळ बघितलं की त्याच्यावर खेकसायचो. एकनाथ दोन-तीन वर्षांनी आपणहून बोलायला लागला. का, ते मी विचारलं नाही. संशय मात्र आला, की ह्याला आता काय पाहिजे?

यंदाची पहिली मॅच परवा झाली, मुरबाडला. एकनाथ आता टेम्पो चालवतो, त्यानंच नेलं आम्हाला. ग्राउंडवर पाय ठेवला आणि माझी नजर फिरायला लागली. फक्कीच्या रेघा हातभर रुंद. हे मुरबाडवाले कधीपासून करायला लागले? मॅच दुपारी बाराची. त्यांच्या पोरांचे शर्ट केशरी, डोळ्यात घुसतील असे. मी लहूला खांबामागं उभा केला आणि मनात म्हटलं, आपली नक्कल मारतायत लेकाचे, काहीतरी शिजतंय.

मॅच सुरू झाली. पलीकडच्या टोकाला काय चाललंय हे आता मलाही नीट दिसत नाही. वय झालं. पण तिथून आवाज येत होता. मुरबाडचा गोलकीपर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, "आला, डावीकडनं आला! पिवळा, अकरा नंबर! आत वळला! मारतोय, मारतोय! बाहेर गेला, उजव्या खांबाच्या हातभर बाहेर!" मी कान टवकारले. गोलकीपर आपल्या बॅकना ओरडतो, हे मला शिकवायला नको. पण बॉल बाहेर गेल्यावर हातभर का वीतभर, हे कोणाला सांगतोस बाबा? बॅक काय आंधळे आहेत? शेजारी लहू स्वतःशीच म्हणत होता, "हातभर. पाय वाकडा पडतोय पोराचा."

मी चार पावलं बाजूला होऊन एकनाथला विचारलं, "तो पोरगा कोणाला सांगतोय रे?"

एकनाथनं मॅचवरची नजर हलवली नाही. "कोणाला म्हंजी? लहूदादाला."

मी त्याची बाही ओढली. "तुला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक हाय. आमाला काय डोळे नायत का?" तो म्हणाला. "मुरबाडच्या त्या मास्तरनं त्याच्या पोरांना पयल्यापासून सांगून ठेवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडं लहूदादाला हाताला धरून तोच न्यायचा. आमाला मागनं कळलं. तू एवढं ऐकून घेतलंस आन सांगितलं नायस, ते पण तवाच कळलं."

"मग मला कोणी बोललं का नाय?"

एकनाथनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तू लय जपत होतास, दादा. म्हटलं, जपू दे."

मी परत येऊन लहूच्या शेजारी उभा राहिलो. बॉल आमच्या बाजूला आला होता, अगदी समोर, आणि पोरं एकमेकांची नावं घेत होती. बॉल कुठं ते लहूला सांगायचं होतं मलाच.

"मिल्या, गप का झालास रे?" लहूनं विचारलं.

"घसा बसला," मी म्हणालो.